आधी उलटा हात

आमच्या समोरच्या काकांइतका भित्रा माणूस अख्ख्या बऱ्हाणपुरात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे या माणसानं सारी नोकरी विजेच्या खांबांवर चढून काढली. कुठल्याही वस्तूला आधी त्यांचा उलटा हात लागतो. सरळ हातानं धरलं अन् करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. तारेपुरतं ते ठीक आहे हो, पण काका दाराची कडी, चहाचा कप, केळ्याचा घडसुद्धा असाच चाचपून घेतात. माझ्या सासऱ्यांनी एकदा हात मिळवायला पुढे केला, तर काकांनी त्यालाही आधी उलटा हात लावून पाहिला. सासरे अजून आमच्या सिंधीपुऱ्यात शिरण्याआधी फोन करतात, "ते समोरचे बाहेर बसलेत का?" बरं, ही भीती लागट! आता आमची हीसुद्धा मिक्सरला आधी उलटा हात लावते अन् मग चटणी वाटते.

"आपली हुशारी सांगू नये, चूक सांगावी. ती दुसऱ्याच्या कामाला येते," असं म्हणून काका दिसेल त्याला आपल्या पडण्याची कथा ऐकवतात. जवळच्या निंबोला गावात लाईन दुरुस्त करायची होती. जोडीदारानं खाली स्विच बंद केला, काका वर चढले, तारेतला करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी टाकायचा कंटाळा केला, अन् तारेला हात लागताच धाडकन खाली! "मी मातीत लोळतोय अन् पलीकडच्या लग्नघरात गाणी वाजतायत. लोक नाचतायत, भो!" इथे आम्ही सगळे हसायचो. मग काकांचा चेहरा उतरायचा. "त्यानंच स्विच चालू केला. विश्वास पानिपतात मेला." त्या दिवसापासून जोडीदाराशी बोलणं बंद, आणि उलटा हात सुरू.

यंदा माझ्या पोरीला वीज खात्यात इंजिनिअरची नोकरी लागली. लोक पेढे मागत होते आणि मला काकांचा खांब आठवत होता. म्हटलं, काकांची भीती थोडी हिच्यात उतरू दे, म्हणून कामावर जाण्याआधी तिला त्यांच्या पाया पडायला नेलं. कथा लग्नघरापर्यंत आली. मी सवयीनं हसलो. पोरगी हसली नाही.

"आजोबा, लाईन बंद होती ना? मग गाणी कशावर वाजत होती?"

काका म्हणाले, "जनरेटर असंल."

"तो त्यांनी घरच्या वायरिंगलाच जोडला असेल. मेन स्विच पाडला नसेल, तर त्याचा करंट उलटा लाईनमध्ये येतो. खाली तुमचा स्विच बंद असला तरी."

एवढी वर्षं आम्ही ज्या गाण्यांवर हसत होतो, त्यांतच सगळं होतं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! तो रडून शपथा घेत होता रे. मी ऐकूनच घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी गरम मावा जलेबीचा पुडा घेऊन, जोडीदाराच्या गावी जायला, ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. खांबालाही कधी घाबरले नसतील इतके घाबरले होते. केळीच्या बागा लागल्या तसे सारखे म्हणायला लागले, "परत फिरव. त्यानं दार लावून घेतलं तर? आहे तरी का रे तो?" मी गाडी तशीच पुढे दामटली.

जोडीदार ओट्यावर बसला होता. नजर अधू झालेली. "कोण आहे?" त्यानं विचारलं. काकांनी वाकून त्याचा हात धरला. सरळ हातानं, न चाचपता.

तो बराच वेळ त्या हातावरून बोटं फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "स्विच बंदच होता, भो."

"हाव रे," काका म्हणाले, "बंदच होता." आणि जलेबी पार गार झाली तरी त्यांनी तो हात सोडला नाही.