तुटलेल्या केबलवरून चाललेला कॉल

माझ्या कामात भुताखेतांना जागा नाही. मी नेटवर्क इंजिनिअर आहे. लिंक चालू असते नाहीतर बंद असते, आणि बंद असेल तर कारण सापडतंच... आज नाही तर उद्या. देवळातसुद्धा मी आईसोबत जाते, तेवढंच. म्हणून हे लिहावं की नाही, याचा बरेच महिने विचार केला.

नगरला सावेडीत आमच्या आरोग्य संस्थेचं ऑफिस आहे आणि अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढे डोंगरात, एक छोटा दवाखाना. तिथे मोबाईलला रेंज नाही. दवाखान्यातला राउटर आणि आमच्या सर्व्हर रूममधला मुख्य राउटर यांच्यात एक टनेल आहे. टनेल म्हणजे खोदलेला बोगदा नाही – इंटरनेटच्या गर्दीतून काढलेली आमची खासगी वाट. तिथला पेशंट इथल्या तज्ज्ञ डॉक्टरांना स्क्रीनवर दिसतो, ईसीजी येतो, टेबलावरचा फोनही त्याच वाटेने चालतो. आणि हे सगळं एकाच फायबर केबलवर. दुसरी लाईन नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी टनेल बंद पडला. इथून करण्यासारखं सगळं करून पाहिलं, काही उपयोग नाही. मी गाडी काढली – लोणी, संगमनेर, अकोले, राजूर. घाट चढला आणि कारण रस्त्याच्या कडेलाच दिसलं. रुंदीकरणाचं काम चालू होतं. चरात आमची केबल तुटून पडली होती, दोन्ही टोकांत चांगलं हातभर अंतर.

"सकाळीच तुटली वो मॅडम," जेसीबीवाला ओशाळून म्हणाला. "लई वरच हुती. दिसलीच न्हाई."

तिथे घाटमाथ्यावर जरा रेंज येते. केबल जोडणाऱ्या टीमला कळवलं, मग ऑफिसात सलीमभाईंना फोन लावला. ते आमचे सीनियर, हे नेटवर्क त्यांनीच उभारलेलं.

"वैशाली, तू परत फिर," मी बोलायच्या आधीच ते म्हणाले. "टनेल परत चालू झालाय. तिकडून व्हिडिओ कॉल चालू आहे, हार्टचा पेशंट आहे."

"सलीमभाई, केबलचं टोक माझ्या हातात आहे..."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग हळूच, "तू जा तिथे. बघ."

दवाखान्यात पोचले तेव्हा पलंगावर एक पन्नाशीचा माणूस घामाने निथळत पडला होता. लक्ष्मणराव, भातशेती करणारे. नवीनच रुजू झालेले डॉक्टर अमोल त्यांच्यावर वाकलेले, आणि स्क्रीनवर नगरचे हृदयरोगतज्ज्ञ शांतपणे सांगत होते – रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन आता द्या, हळू, मॉनिटर बघत राहा. चित्र इतकं स्वच्छ मी त्या दवाखान्यात कधी पाहिलं नव्हतं.

दाराशी उभ्या असलेल्या लक्ष्मणरावांच्या बायकोने, हिराबाईंनी, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून हात धरला.

"ताई, त्या टीव्हीतल्या डाक्तरला जाऊ देऊ नका. तेवढं बघा."

मी राउटरकडे पाहिलं. फायबरचा दिवा विझलेला. लॅपटॉप जोडला – केबल जिथे येते ते पोर्ट बंद, टनेल चालू. हे होऊच शकत नाही. नळ तोडलेला आणि बादली भरतेय, तसं! पिंग करून पाहिलं. तिथून नगरला निरोप जाऊन यायला नेहमी जितका वेळ लागतो, आत्ता लागणारा वेळ त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. दोन राउटर एकाच टेबलावर शेजारी ठेवले तर येतो, तेवढाच.

टेबलावरचा फोन वाजला. सलीमभाई.

"काय दिसतंय?"

मी सांगितलं.

"कशाला हात लावू नकोस," ते कुजबुजले.

नाही लावला. श्वाससुद्धा बेताने घेत होते. मध्येच मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली, डॉक्टर अमोल चटकन स्क्रीनकडे वळले. स्क्रीनवरचा आवाज म्हणाला, "घाबरू नका, मी आहे इथेच." पुढचं औषध, पुढचा डोस... हळूहळू रेघ ताळ्यावर आली. लक्ष्मणरावांनी डोळे उघडून पाणी मागितलं.

त्यांना दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, हिराबाईही चढल्या, मी अंगणापर्यंत गेले. गाडी वळणाआड गेली. आत येऊन पाहते तर स्क्रीन काळी, फोन मुका, टनेल बंद.

केबल संध्याकाळी जोडली गेली. लक्ष्मणराव वाचले, यंदा त्यांनी भातही लावला. राउटर बनवणाऱ्या कंपनीला सगळे लॉग, म्हणजे राउटरमधल्या नोंदी, पाठवले. त्यांचं उत्तर – चालू-बंद दाखवण्यात काही चूक झाली असावी. असेल. पण दाखवण्यातल्या चुकीतून माणसाचा आवाज कसा येतो, हे त्यांनी लिहिलं नाही.

सलीमभाई या विषयावर गप्पच असायचे. परवा निवृत्तीच्या दिवशी चहा पिताना एकदम म्हणाले, "त्या दुपारी फोन ठेवल्यावर मी सर्व्हर रूममध्ये एकटाच होतो. राउटरच्या रॅकमागून ॲम्ब्युलन्स सुरू झाल्याचा आवाज आला. आणि एक बाई म्हणाली, 'दादा, खड्डं बघून चालीव.' कोण होती गं ती?"

मी कप खाली ठेवला. हिराबाईंनी गाडीत चढताना ड्रायव्हरला हेच सांगितलं होतं... अंगणात, फोनपासून लांब. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. सलीमभाईंकडेही नाही. पण आता सर्व्हर रूममध्ये शिरताना मी चपला बाहेर काढते.