धाकटीचा नंबर गेला

लेसरची कल्पना मूळची माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आता सगळे असं बोलतात की ते धाकट्या बहिणीला सुचलं. काही सुचलं बिचलं नव्हतं तिला. माझ्या ऑफिसातल्या एकीने करून घेतलं, दुसऱ्या आठवड्यात ती बिनचष्म्याची कामावर आली, आणि मी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटवर परतून तोंड दुखेपर्यंत त्याचंच पुराण लावलं. धाकटी टीव्ही बघत होती. "डोळ्यात लेसर? ई!" एवढंच म्हणाली.

आम्हा दोघींना शाळेपासून सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे. माझा नंबर तिच्यापेक्षा थोडा जास्तच. सकाळी डोळे उघडले की वर पंखा नसायचाच, नुसता गरगरणारा पांढरा डाग. मग उशाशी चाचपडायचं, हात लागून चष्मा पलंगाखाली जायचा, आणि दिवसाची सुरुवात जमिनीवर रांगून व्हायची. मला दुसरं काही नको होतं. डोळे उघडावेत आणि दिसावं, बस्स.

तपासणीला बोरिवलीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. धाकटी आली ती निव्वळ सोबत म्हणून. तिथल्या बाई म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचेही बघून घेऊ या," म्हणून तिनेही त्या यंत्रावर हनुवटी टेकवली. डॉक्टर पुन्हा पुन्हा माझेच डोळे बघत राहिले तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"तुमचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पडदा, पातळ आहे," ते म्हणाले. "तुम्हाला लेसर करता येणार नाही."

"थोड्या वर्षांनी?"

"तो काही जाड होत नाही." मग धाकटीकडे वळून म्हणाले, "यांचा मात्र छान आहे."

छान म्हणे! जसं काही स्थळच बघायला आले होते. अंगाने मी जाडजूड, ती नुसती काडी, आणि नेमकी तेवढी एकच गोष्ट पातळ असायची होती ती माझी.

परत येताना धाकटी म्हणाली, "ताई, तुला नको वाटत असेल तर मी नाही करणार." असलं बोलणं मला मुळीच सहन होत नाही. नको म्हटलं असतं तर जन्मभर मीच दुष्ट. "कर की," म्हटलं, "मला काय त्याचं?" ती खरंच खूश झाली. निदान थोडे आढेवेढे तरी घ्यायचे!

ऑपरेशनच्या दिवशी आई देवापुढे बसली आणि सोबतीला मला पाठवलं. बाहेर नातेवाइकांना बघायला टीव्ही लावला होता. त्याच्यावर धाकटीचा डोळा, कलिंगडाएवढा. एक लाल ठिपका, थोडा टकटक आवाज, एक डोळा झाला, दुसरा झाला, संपलं. अहो, घरी डाळ शिजायला याहून जास्त वेळ लागतो! शेजारच्या खुर्चीतले आजोबा म्हणाले, "रडू नका, बरी होईल ती." मी मान हलवली. काळजीने नाही, हेव्याने रडत होते मी. पण हे त्या भल्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार?

घरी आल्यावर डोळ्यांत थेंब घालायचे मी. डोळ्यांत पाणी जायला नको म्हणून तिला मागे मान टाकायला लावून केस धुवायचे तेही मी. महाराणी काळा गॉगल लावून पडलेल्या. एका सकाळी ती ओरडली, "ताई, पंख्यावर धूळ बघ किती साचलीय!"

"दिसतेय ना? मग चढ आणि पूस," मी म्हटलं.

आईला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या, तर त्यांना म्हणाली, "आमच्या धाकटीचा नंबर गेला हो!" काकूंना कमी ऐकू येतं. त्यांनी ऐकलं, नंबर लागला. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन हजर! माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मोठीच्या आधी धाकटीचा नंबर लागला म्हणून मनाला लावून घेऊ नकोस हो. तुझंही जमेल कुठेतरी." आई आणि धाकटी हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. मी पेढा खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. जळायलाही अंगात ताकद लागते.

डॉक्टरांनी पाण्यात जायला परवानगी दिल्यावर आम्ही राजोडीच्या किनाऱ्यावर गेलो. लहानपणापासून आमची तिथली रीत ठरलेली. दोघींनी चष्मे आईकडे द्यायचे आणि हात धरून समुद्रात शिरायचं. परतताना आईच्या साडीचा रंग धरून चालत सुटायचं, आणि ती बरेचदा दुसऱ्याच कुणाची आई निघायची. मग वाळूत बसून दोघी खिदळायचो.

या वेळी पिवळ्या साडीतल्या आईच्या हातात एकच चष्मा होता. धाकटी माझा हात सोडून छातीभर पाण्यात गेली आणि तिथून मला सांगायला लागली, "ताई, ती बघ होडी! तो बघ कुत्रा!" काय बघू, कपाळ? माझं डोकं सणकलं. मी तशीच मागे फिरले, पिवळी साडी दिसली तिच्यासमोर जाऊन हात पुढे केला आणि म्हटलं, "दे इकडे चष्मा. मला घरी जायचंय."

"कोणाचा चष्मा, बाय?" कुणी परकीच बाई होती.

धाकटी धावत आली. "अगं, केव्हाची हाका मारतेय! तिकडे कुठे चाललीस? आई इकडे आहे!" तिने पाण्यातून मला चुकताना बघितलं होतं, पहिल्या पावलापासून. आणि ती एकटीच हसत होती. हसता हसताच तिने माझा हात धरला. तो झटकून टाकायचं माझ्या फार मनात होतं, पण आई कुठे बसलीय ते तिलाच दिसत होतं.