पत्र्यावरचे धोंडे

दोन हजार चोवीस साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्या जोरावर हे लिहून राहिलो.

त्या चैत्रात माझी बायको भर दुपारी चुलीपुढं चक्कर येऊन पडली. लातूरच्या दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. मी म्हणालो, ती तर घरातच होती. ते म्हणाले, घरातच लागलंय. या उन्हाळ्यात यांना पत्र्याखाली ठेवू नका, पुढच्या वेळी हाती लागणार नाहीत. नांदेडचा मुलगा न्यायला तयार होता. पण तिला तिसऱ्या मजल्यावर कोंडून घ्यायचं नव्हतं, आणि ती गेलेली मला चालणार नव्हती.

आमचं घर किल्लारीच्या रस्त्याला, रानात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सरकारनं दिलेलं स्लॅबचं घर मी धाकट्या भावाला देऊन टाकलं आणि इथं पत्रा ठोकला. आमचं जुनं घर दगडाचं, वर माळवद, म्हणजे लाकडावर हातभर माती. उन्हाळ्यात गार. पण त्या पहाटे तेच सगळं खाली आलं. त्याखाली माझी आई गेली, पाच वर्षांची लेक गेली. तेव्हाच ठरवलं, आता डोक्यावर वजन म्हणून घ्यायचं न्हाई. पत्रा अंगावर पडला तरी माणूस उठून बसतो. गावाला मी हेच ऐकवत आलो.

गरिबांची घरं उन्हाळ्यात गार करून देणारी एक संस्था गावात आली होती. वरून पत्र्याला पांढरा रंग, आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत, सगळं फुकट. बायकोनं मला न विचारता नाव दिलं. संस्थेची बाई घर बघायला आली.

"गरीब कुणाला म्हणता तुम्ही?" मी विचारलं.

"ज्याच्या पत्र्यावर पापड भाजतो त्याला, मामा."

बायको आतून म्हणाली, "मग आम्ही लईच गरीब."

"रंग द्या," मी म्हणालो. "तट्ट्या न्हाईत. डोक्यावर काही बांधायचं न्हाई."

"हलक्या असतात, मामा. नुसत्या रंगानं मावशींचं भागणार न्हाई."

"माळवदाची माती पण पाटीपाटीनंच चढली होती," मी म्हणालो. बाईनं वहीत नुसता रंग लिहून घेतला. मला बरं वाटलं.

रंगवाले आले त्या दिवशी मी पेंड आणायला किल्लारीला गेलो होतो. जीपमधून उतरून घरी येतो तर अंगणात धोंड्यांचा हा ढीग. मला वाटलं, कुणीतरी बांधकामाचा माल चुकून इथं टाकला. शिडीवरचा रंगवाला, देगलूरकडचा, हातात आणखी एक धोंडा घेऊन उतरत होता.

"मामा, वर भिंत बांधून राहिलते का?"

वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वर धोंडे ठेवतात, सगळेच ठेवतात. वळवाचं वारं सुटलं, पत्रा फडफडला, की मी एक चढवायचो. उतरवला एकही नव्हता. खालून ते दिसतही नव्हते. आणि धोंडे कुठले, तर आमच्याच पडलेल्या घराचे. बांधावर आणून टाकले होते, हाताशी होते.

रंगवाल्यानं मला आत नेलं आणि वर बोट केलं. बायकोच्या बाजेच्या बरोबर वरचा वासा मधोमध चिरला होता. धुरानं काळा झालेला, म्हणून चीर कधी दिसली नव्हती. आता धोंडे काढताना हादऱ्यानं काजळी झडली आणि तिची पांढरी फट दिसत होती. मी बाज ओढून बाजूला घेतली. 

"वासा बदलू," तो म्हणाला. "पत्रा हुकानं आवळून देतो. आता धोंडे लागत न्हाईत."

बाहेर बायको ढिगापाशी उभी होती. एका दगडावरून हात फिरवत होती. त्याची एक बाजू तेलानं काळी होती.

"हा देवळीचा हाय," ती म्हणाली. "सासूबाई ह्यात दिवा लावायच्या." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हे माझ्या डोक्यावर व्हतं? इतकी वर्षं?"

  

तिनं अंथरूण उचलून अंगणातल्या कडुलिंबाखाली टाकलं. "मी आत येत न्हाई आता. वासा बदला न्हाईतर सगळं घर बदला. पोराला फोन लावा, न्यायला ये म्हणा."

"उद्या लावतो," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावायच्या आधी मी गावात जाऊन संस्थेच्या बाईकडं तट्टी मागितली. ती म्हणाली, गाडीनं सगळ्या पाठवते. मी म्हणालो, एक आत्ता द्या. ती तट्टी डोक्यावर घेऊन रानापर्यंत चालत आलो, मला वजन कळावं म्हणून. बायको कडुलिंबाखाली बसली होती. तट्टी तिच्या डोक्यावर ठेवली, आधी हातानं धरून, मग हात सोडून. "आता डोक्यावर एवढंच राहील," मी म्हणालो.