पुंडलिकरावांचा दिल्लीचा दीड तास

बोरगावचे पुंडलिकराव संत्र्याचे बागायतदार. साल पंच्याऐंशी. दिल्लीला दिलेल्या लेकीला, प्रेमलताला, मुलगा झाला आणि बुधवारी संध्याकाळी बारसं ठरलं. पुंडलिकरावांनी कुणाच्या तरी जुन्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावर पट्टी ठेवली आणि जाहीर केलं, "नागपूर ते दिल्ली, सरळ रेषेत साडेआठशे किलोमीटर. विमानानं दीड तास!"

बायको अंबाबाई म्हणाली, "मले नाई उडाचं. मी आपली रेल्वेनं जातो."

मंगळवारी रात्री ती भाऊ कवडूसोबत पांढुर्ण्याहून गाडीत बसली. खिडकीशी उभं राहून पुंडलिकराव म्हणाले, "तू वीस तास हिंदकळत ये. तुले उतरवून घ्यायले मीच दिल्लीच्या स्टेशनवर उभा रायतो."

बुधवारी सकाळी जवळच्या सौंसरच्या बस स्टँडवर ते नवं धोतर नेसून, संत्र्यांची टोपली घेऊन आले. विमान दोनला. साठ किलोमीटरवरच्या नागपूरची बस समोर उभी होती. पण आपण विमानानं चाललो हे चहावाल्याला सांगायचं राहिलं होतं, मग पानवाल्याला, मग सोसायटीच्या सेक्रेटरींना.

"इतक्या लवकर पोचून काय करू?" पुंडलिकराव म्हणाले. "दीड तासाचा तर रस्ता!"

बोलण्यात ती बस गेली. पुढची आली, ती वाटेत पंक्चर झाली. नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर ते टोपली घेऊन धावत शिरले तेव्हा दोनला पाच मिनिटं होती.

"दार बंद झालं, काका," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"विमान तर उभं दिसून राहिलं ना! मी हात दाखवतो, थांबते ते."

"ते हात दाखवून थांबत नाही."

आणि खरंच, ते त्यांच्या डोळ्यांदेखत उडालं. पुंडलिकराव टोपलीवर मटकन बसले. 'साडेआठशे किलोमीटर मोजले शहाण्यानं,' ते स्वतःलाच म्हणाले, 'अन् साठ किलोमीटर चुकले!' मुलीला कणव आली. तिनं दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा करून दिली. जावई मधुकरला ऑफिसात फोन लावून पुंडलिकरावांनी खालच्या आवाजात एवढंच सांगितलं, "बारसं उरकून घ्या. मी उद्या येतो."

गुरुवारी मात्र ते सकाळी आठलाच हजर होते. विमानात खाली शेतं दिसली तसे शेजाऱ्याला म्हणाले, "ते पाहा, आमचं बोरगाव."

"काका, मघाशीच भोपाळ गेलं."

उतरताना कमरेचा पट्टा सुटेना, हवाईसुंदरीनं सोडवला.

दिल्लीच्या विमानतळाच्या दारात जावयाशेजारी अंबाबाई उभी होती. झोप झालेली, ताजीतवानी.

"आले का उडून?"

"आलो," पुंडलिकराव म्हणाले. "दीड तासच लागला. बाकीचा एक दिवस माह्या तोंडामुळे गेला."

ती इतकी हसली की येणारे-जाणारे वळून पाहू लागले. घरी तिनं नातू त्यांच्या मांडीवर ठेवला. नाव विनायक ठेवलं होतं. दोन महिने त्यांनी मनात 'यशवंत' घोळवलं होतं, पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार? ते नव्या नावानं त्याला बोलवू लागले.

परतताना विमान की रेल्वे, हे अंबाबाईनं विचारलंच नाही. त्यांनी स्वतःच रेल्वेचं तिकीट काढलं. डब्यात दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं, तरी इटारसीपर्यंत चुकलेल्या विमानाची गोष्ट त्यांनी तिघांना सांगितली, दर वेळी स्वतःला थोडं जास्तच वेडं करून. उतरायच्या अलीकडचं तिगाव स्टेशन गेल्यावर मात्र त्यांना गाढ झोप लागली, आणि पांढुर्ण्याला अंबाबाईनं अक्षरशः हाताला धरून उतरवलं.