हवा फुकट नसते

"हवा फुकट नसते," असं म्हणत ताई ऑफिसात शिरायच्या आणि पर्स ठेवण्याआधी टेबलफॅनचं तोंड फिरवायच्या. रिकाम्या खुर्चीवर वारा जाताना त्यांना बघवत नसे. माझ्या बहिणीच्या लग्नात, बदलापूरच्या हॉलमध्ये, त्या भर पंगतीतून उठल्या आणि नवरा-नवरीच्या मोकळ्या कोचाला वारा घालणारा मोठा पंखा जेवणाऱ्यांकडे वळवून आल्या. वऱ्हाडी बघत राहिले. ताई समाधानाने मठ्ठा प्यायल्या.

त्यांचं कामच तसलं. अंबरनाथच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना छोटी गॅस टर्बाइन बनवतो. त्यातलं पातं करंगळीएवढं, आणि त्याच्यावर धडकणारा वायू असा तापलेला की धातूने हात टेकावेत. म्हणून पात्याच्या पोटात नागमोडी वाट ठेवून तिच्यातून त्यामानाने थंड हवा खेळवायची. ती वाट ताई आखायच्या, मी कॉम्प्युटरवर काढायचो. पण ही हवा इंजिनच्याच ताकदीतून उचलायची. जास्त घेतली तर इंजिन दमतं, कमी घेतली तर पातं जळतं.

आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी. त्यांचा उपाय ठरलेला. "मॅडम, एक सुराख और डालो ना. ठंडा रहेगा."

"शेठ, पातं आहे ते, चाळणी नाही."

या भांडणाशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

नव्या इंजिनच्या पहिल्या चाचणीत मात्र पात्यांची टोकं जळाली. शेठनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "किसकी गलती?"

"माझी," ताई म्हणाल्या. "टोकाजवळच्या वळणावर हवा अडखळली. अजून एकदा करू द्या. नाही जमलं तर राजीनामा देते."

"राजीनामा नको, ब्लेड दो. पण ही शेवटची. इसके बाद प्रोजेक्ट बंद."

त्यानंतर ताई डब्यातल्या पोळीचीसुद्धा सुरळी करून तिच्यात डोकावायच्या. भाजी तशीच राहायची. शेवटी त्यांनी ते वळण गोलसर केलं, भोक एकही न वाढवता.

दुसऱ्या चाचणीला आम्ही चाचणीच्या खोलीच्या काचेला नाक लावून उभे. ताई बाहेर पायरीवर, पाठ करून, शेंगदाणे खात बसलेल्या. "मी बघितलं की बिघडतं," म्हणाल्या. इतकी वर्षं गणितं करणारी बाई ही.

इंजिन थंड झाल्यावर पातं काढून मी त्यांच्या हातावर ठेवलं. टोक शाबूत होतं. तापातून उठलेल्या लेकराचं कपाळ चाचपावं तसं त्यांनी ते अंगठ्याने चाचपलं. "बरं आहे आता," एवढंच बोलल्या. डोळ्यांना पदर लावला, तर म्हणे शेंगदाण्याचं फोलपट गेलं.

यंदा त्या निवृत्त झाल्या. बदलापूरला खरवईत असलेला फ्लॅट बंद करून सासूबाईंच्या सोबतीला कोकणात जायचं ठरलं होतं. निरोपाला शेठ भाषण करायला उठले, दोन वाक्यांत अडकले आणि बसले. मग त्यांनी ड्रायव्हरकडून गाडीची किल्ली मागून घेतली आणि ताईंना घरी सोडायला स्वतःच निघाले.

"शेठना गाडी चालवता येते, हे मला आज कळलं," ड्रायव्हर गेटवर उभा राहून म्हणाला.

गाडी वळून दिसेनाशी झाली. आत कामं पडली होती. तरी आमच्यातलं कोणी पहिलं पाऊल उचलेना.