वैद्यांचा बदामी रंग

गॅरेजवाल्यांना सगळे ‘वैद्य’ म्हणत. गाडी आली की ते मालकाला एक शब्द विचारत नसत. आधी स्पार्क प्लग काढायचे, लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभे करायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून न्याहाळत बसायचं. टोक काजळीने काळं असेल तर इंजिन पेट्रोल जास्त पितंय. तेलकट असेल तर आतून झिजलंय. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडून तापतंय. आणि बदामी असेल तर प्रकृती ठणठणीत. मालक थापा मारेल, प्लग मारत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अलीकडे मात्र आसपासच्या सगळ्याच गाड्या ठणठणीत निघायला लागल्या होत्या. गिऱ्हाईकं खूश, वैद्य त्याहून खूश. त्यातल्या काही ढकलत परत आल्या, तेव्हा वैद्यांनी खापर भेसळीच्या पेट्रोलवर फोडलं.

त्या दिवशी त्यांची लेक तान्ह्या नातीला घेऊन घाटापलीकडे सासरी निघाली होती. वैद्यांनी तिच्या गाडीचे प्लग काढले, निरखले आणि खुशाल जा म्हणून सांगितलं. चहा घेऊन आलेल्या बायकोची नजर ठोकळ्यावर पडली. या काळ्या-बदामीच्या गप्पा ऐकण्यात तिचा जन्म गेला होता.

“अहो, हे तर खडूसारखे पांढरे आहेत.”

“बदामी आहेत. तुला काय कळतंय त्यातलं?”

ती वाद घालत बसली नाही. कपाटातला पांढराशुभ्र रुमाल आणून तिने त्यांच्यापुढे धरला आणि रंग विचारला. वैद्यांनी ठसक्यात बदामी सांगितलं. लेक हसली नाही. तिचा उतरलेला चेहरा पाहून वैद्यांनी रुमाल हातात घेऊन डोळ्यांशी धरला.

मोतीबिंदू पिकत चाललाय, हे डॉक्टर केव्हाच म्हणाले होते. पण डोळ्याला हत्यार लावायचं म्हटलं की या माणसाच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. डोळा गेला तर प्लग कोण वाचणार? आणि आता त्याच डोळ्यांच्या भरवशावर नात घाट चढणार होती.

त्यांनी लेकीच्या हातातून किल्ली काढून घेतली.

“थांब. मला दिसत नाही गं बाळा.”

मग बायको बघून सांगत गेली आणि वैद्य हातांनी चाचपत गेले. पेट्रोलची गाळणी कचऱ्याने तुंबलेली निघाली. ती बदलून, नवे प्लग बसवून गाडी सुरू झाली, तशी लेकीने ती आधी बापासकट डोळ्यांच्या दवाखान्याकडे वळवली.

पट्टी निघाल्यावर वैद्य घरी आले ते थेट ठोकळ्यापाशी. ते प्लग खरंच खडूसारखे होते. मग भिंती, चादरी, डब्यातलं पीठ असं सगळं बघत ते लहान मुलासारखे घरभर हिंडले आणि बायकोपाशी येऊन थबकले.

“तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?”

“तुम्ही सगळं ठणठणीत आहे म्हणत होतात ना,” ती म्हणाली, “तेव्हा.”