मन मोकळं करायचा बाक

नातवंडांनो, आपल्या बागेत परवा ‘मन मोकळे करा’ अशी पाटी लावलेला नवा बाक आला, म्हणून आजच लिहिते आहे. मला त्या बाकाचा संशय येतो. बाकाशेजारचं बकुळीचं झाड त्यावर फुलांचा कचरा करतं, म्हणून ते तोडायचं घाटतं आहे.

यजमान गेल्यापासून घरात गप्प असणाऱ्या आपल्या शेजारच्या कुसुमताई त्याच बकुळीखाली फुलं वेचताना बोलतात. काल बागेचा मुकादम त्यांना म्हणाला, “आजी, बाकावर बसून बोला की!”

“फोटो काढायचाय होय रे?” म्हणत त्या वाकल्या. मग खाली बघतच मला म्हणाल्या, “ह्यांच्या चपला अजून दारातच आहेत गं.”

बाकावर बसून त्या हे बोलल्या नसत्या.

आज सकाळपर्यंत तरी बकुळ उभी आहे.